पट्टीला ऐकू न आलेला ‘थांब’

ता. ७ नोव्हेंबर, शुक्रवार.
हवा कोरडी. स्वयंपाकघरातला बल्ब सकाळी गेला, दुपारी नवा आणून लावला. खालच्या मजल्यावरच्यांची किल्ली हरवली, म्हणून त्यांची मुलगी शाळेतून आल्यावर आपल्याकडे बसली. घोड्याचे चित्र काढले, पाय पाच. सूनबाई अंधार पडल्यावर परतली. डबा जसाच्या तसा परत. आज कारखान्यात तिच्या पट्टीची परीक्षा होती. “बिघडली का गं?” विचारले. “बिघडली असती तर बरं झालं असतं, आई. ती नको तितकी चांगली चालली,” म्हणाली. उशांचे अभ्रे बदलले.

ज्या सुनेबद्दल ही नोंद आहे, तिला कारखान्यात सगळे पट्टीवाली म्हणतात. तोंडावर ‘पट्टीवाल्या बाई’, पाठीमागे नुसते ‘पट्टीवाली’. तिला दोन्ही माहीत आहे आणि दोन्ही चालते.

पट्टीवालीचा जन्मच मुळी गोंगाटातला. माहेरच्या घराखाली वडिलांचे पत्र्याचे डबे बनवायचे वर्कशॉप होते. खाली दिवसभर पत्रा ठोकला जाई आणि वर संसार चाले. घरातले झाडून सगळे ओरडून बोलत. ‘जरा मीठ दे’ हेसुद्धा भांडण उकरून काढल्यासारखे. ओरडत नसे ती फक्त आई. जेवायची वेळ झाली की ती जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन नेहमीच्या आवाजात म्हणे, “अहो, पानं घेतलीत.” खाली हातोड्यांचा कल्लोळ चाललेला असे, तरी वडील मान वर करत.

“तुम्हाला ऐकू कसं येतं हो?” लहानपणी तिने विचारले होते.

“तुझी आई कुठून बोलणार ते ठाऊक असतं ना. कान तिकडे लावूनच ठेवलेला असतो. बाकीचे किती का आदळआपट करेनात.”

हे उत्तर तिच्या डोक्यात जे घुसले ते बाहेर आलेच नाही. दोन कानांचा माणूस एवढ्या गदारोळातून एकच वाक्य नेमके कसे उचलतो, हेच ती पुढे कॉलेजात शिकली, त्यातच पदवी घेतली आणि त्यातच नोकरी धरली.

लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंची पहिली तक्रार आवाजाचीच होती. “अगं, मी इथेच बसले आहे आणि मी बहिरी नाही,” त्या म्हणाल्या. नवी नवरी लाजली, आवाज उतरवला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तितक्याच जोरात म्हणाली, “आई, चहा ठेवू का?” नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले निम्मे महिने समुद्रावर. घरात या दोघीच. सासूबाई नन्सच्या शाळेत वाढलेल्या. पुटपुटल्यासारखे बोलायचे आणि दार आवाज न करता लावायचे हे त्यांच्या अंगवळणी पडलेले. सुरुवातीला दोघींचे सूर जुळायला वेळ लागला. पुढे सासूबाईंना जरा कमी ऐकू येऊ लागले आणि तो प्रश्न आपोआप मिटला.

तर पट्टी म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे.

कारखाना ओतकामाचा. लांबलचक शेड, एका टोकाला भट्टी, वर रुळांवरून सरकणारी क्रेन. क्रेनच्या केबिनमध्ये उंचावर एक माणूस बसतो. त्याला सगळे ‘वरचा’ म्हणतात. खाली जमिनीवर दुसरा उभा असतो. ओझे कुठे न्यायचे, कधी टेकवायचे, कधी थांबायचे हे तो सांगतो. हाताने खुणा करायची पद्धत आहेच, पण वाफ आणि धूर मध्ये आला की हात दिसत नाही. मग आवाज. हा खालचा माणूस म्हणजे तोफ. खरे नाव हजेरीच्या कागदावर असेल, शेडमध्ये तोफच. भट्टी पेटलेली, ग्राइंडर किंचाळताहेत, पंखे घोंघावताहेत, आणि त्या सगळ्यांवरून तोफेचा ‘थांब’ केबिनमध्ये पोचायचा. उभी हयात त्याने याच कामात घातली.

आणि घशाने बदला घेतला. आवाज फाटू लागला, मग खरखरू लागला. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिले आणि निक्षून सांगितले, “ओरडणं बंद. आणखी ओरडलात तर राहिलेला आवाजही कायमचा जाईल.” वायरलेस देऊन पाहिले होते, पण भट्टी पेटली की त्यात नुसती खरखर. तोंडासमोरचा माइक घामाने आणि उष्णतेने दर आठवड्याला मरायचा. ज्याचा आवाज वर पोचत नाही त्याला क्रेनखाली उभे करायचे नाही, हा नियम. म्हणजे तोफेला गोदामात जाऊन खिळ्यांची खोकी मोजायची.

पट्टीवाली तेव्हा या कारखान्याला मोजमापाची यंत्रे पुरवणाऱ्या कंपनीत होती. तोफेला ती ओळखत होती ते त्याच्या तक्रारींमुळे. यंत्र बसवायला गेले की हा बाजूला उभा राहून शेरे मारायचा.

“मामा,” ती त्याला म्हणाली, “मी तुम्हाला ओरडायला लावणार नाही. तुम्ही घरात बोलता तसं बोला, वर ऐकू येईल.”

“घरात मला बोलूच देत नाहीत,” तोफ खरखरला. “पण शब्द देताय तर देऊन टाका. गोदामात गेलो तर मी सहा महिन्यांत संपेन.”

तिने शब्द दिला.

पट्टी म्हणजे हाताएवढ्या लांबीच्या लोखंडी पट्ट्या जोडून केलेली एक लांब दांडी. तिच्यावर आठ छोटे माइक, शर्टाच्या बटणांसारखे. ती शेडच्या तुळईवर बसवलेली, वायर थेट वरच्याच्या कानातल्या यंत्राकडे. सासूबाईंनी विचारले होते, “आठ कशाला? एक चांगला महागाचा घ्यावा.” तेव्हा सुनेने टेबलावर आठ चमचे ओळीने मांडले.

“समजा, तोफमामा इथे उभे आहेत,” तिने मिठाची बरणी समोर ठेवली. “त्यांचा आवाज या चमच्याला आधी पोचतो, याला जरा मागून, याला आणखी मागून. किती मागून ते मला माहीत आहे, कारण ते कुठे उभे आहेत ते मला माहीत आहे. मग आधी आलेल्याला थोडं थांबवून ठेवायचं आणि सगळ्यांना एकदम सोडायचं. आठ आवाज एका तालात पडतात, मोठे होतात. दुसरीकडून आलेल्यांचा ताल जमत नाही, ते आपसात विस्कटतात.”

“बरं.”

“इतकं सगळेच करतात. माझी पट्टी त्याच्या पुढचं करते. ती सतत ऐकत असते की आत्ता त्रास कुठून येतोय. भट्टी तिकडून, ग्राइंडर इकडून. मग आठांपैकी कुणाचं किती ऐकायचं, कुणाचं उलटं धरायचं, हे ती स्वतः बदलत राहते. अशा बेतानं, की त्या दिशांचे आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. ग्राइंडर उचलून दुसरीकडे ठेवला तरी पट्टी त्याला शोधून काढते. तिला एकच हुकूम आहे. मिठाच्या बरणीकडून येणाऱ्या आवाजाला हात लावायचा नाही. बाकी जे ऐकू येईल ते दाबायचं.”

“शिस्तीची आहे,” सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ही मोठी पावती.

शिस्तीची होतीच. जमिनीवर पिवळ्या रंगाचे वर्तुळ काढले, तोफेला त्यात उभे केले, क्रेनचा आकडा रिकामा ठेवून तालमी केल्या. तोफ कुजबुजला, “वरच्या, जेवलास का?” आणि केबिनमधून वरचा ओरडला, “आयला! कानात येऊन बोलल्यासारखं वाटलं!” भट्टी चालू होती, पण त्याच्या कानात देवळातल्या दुपारसारखी शांतता. पाहुणे आले की पट्टीवाली त्यांच्या कानाला यंत्र लावायची. ते डोळे मोठे करायचे. प्रत्येक वेळी ती पट्टी आणखी थोडी कडक करायची. आणखी थोडा गोंगाट कापला जायचा. तिच्या ऑफिसातले साहेब तर कागदावर आलेख काढून भिंतीला चिकटवत होते.

मग तो शुक्रवार आला. मॅनेजर, साहेब, सगळे हजर. या वेळी आकड्याला खरे ओझे. गार झालेले भलेमोठे ओतीव चाक. तोफ पिवळ्या वर्तुळात उभा. “उचल,” तो साध्या आवाजात म्हणाला, आणि चाक उचलले गेले. मॅनेजरांनी मान डोलावली. चाक शेडच्या मधोमध आले, भट्टीची वाफ मध्ये आली. तोफ म्हणाला, “थांब.”

क्रेन थांबली नाही.

“थांब,” तो पुन्हा म्हणाला. चाक सरकतच होते. पुढे साच्यांची रांग होती आणि त्यांच्यापलीकडे माणसे. आणि मग तोफेने जे करायचे नव्हते ते केले. पोटातून, घसा फाडून, जुन्या दिवसांसारखा ओरडला. सगळ्या शेडने ऐकले. वरच्याने मात्र नाही, कारण त्याचे दोन्ही कान यंत्राने झाकलेले. नशीब की वाफ फाटली आणि त्याला खाली उभारलेला हात दिसला. चाक साच्यांच्या अलीकडे लटकत थांबले.

वरचा खाली उतरला तो पांढराफटक पडून. “मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही,” तो शपथेवर सांगत होता. “एवढीशी कुजबुजसुद्धा नाही. नुसती शांतता.”

तोफेने काहीतरी बोलायला तोंड उघडले. नुसती हवा बाहेर आली.

मॅनेजर तापट नव्हते, पण स्पष्ट होते. ते जमिनीकडे बघत होते. तोफेचे बूट पिवळ्या वर्तुळाच्या बाहेर होते, चांगली दोन पावले मागे आणि एका बाजूला. “हे बघा,” ते म्हणाले, “माणूस जागा सोडून उभा आहे. त्याला सांगा, वर्तुळातून हलायचं नाही. प्रश्न मिटला.”

साहेबांनी लगेच मान हलवली. पट्टीवालीने नाही.

“मी त्यांना तसं सांगणार नाही,” ती म्हणाली. आवाज माहेरचा लागला होता. चार ग्राइंडरवाले वळून बघू लागले. “ओझं वर गेलं की मागे सरायचं, म्हणून आज त्यांचे दोन्ही पाय जागेवर आहेत. माझ्या पट्टीच्या सोयीसाठी मी माणसाला ओझ्याखाली खिळवून ठेवू?”

“मग तुमच्या पट्टीला सांगा.”

“तेच करणार आहे.”

“दोन आठवडे,” मॅनेजर म्हणाले. “नाही जमलं तर पट्टी उतरवा, आणि हे गोदामात. मला इथं पुन्हा असा प्रसंग नको आहे.”

त्या दिवशीचा डबा जसाच्या तसा परत आला तो यामुळे.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सासूबाई सकाळी उठून बघतात तो जेवणाच्या टेबलावर वायरींचे जाळे. सून रात्रभर झोपली होती, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. पण उठल्याबरोबर ठाण मांडून बसली होती. आठही माइकांनी टिपलेला तो प्रसंग तिने वेगवेगळा ठेवला होता आणि एकेक ऐकत होती.

“आई, तुमचा चांगला कान द्या जरा.”

सासूबाईंनी कानाला यंत्र लावले. गोंगाट, गोंगाट, आणि त्यात अंधुक पण ओळखू येणारा शब्द. थांब. मग तो मोठा, अंगावर काटा आणणारा. “येतोय की ऐकू!”

“हा पहिला माइक. आता दुसरा.” पुन्हा तेच. तिसरा, चौथा, सगळ्यांत तोफ होताच. मग तिने आठांचे मिळून पट्टीने जे बनवले होते ते लावले. स्वच्छ शांतता. एक ओरखडाही नाही.

“म्हणजे आठही जणांना ऐकू आलं,” सासूबाई म्हणाल्या, “आणि आठ जणांनी मिळून ठरवलं की आलं नाही? आमच्या बिल्डिंगच्या मीटिंगसारखंच आहे की हे.”

सून हसली. कालपासून पहिल्यांदा. पण हसू तिथेच थांबले आणि ती त्या शांततेकडे बघत बसली, म्हणजे पडद्यावरच्या सपाट रेघेकडे.

“साध्या पट्टीनं हे केलं नसतं,” ती हळूहळू म्हणाली. “साधी पट्टी असती तर मामा जागेवरून हलल्यावर आवाज थोडा कमी झाला असता, इतकंच. माझीनं त्यांना शोधून दाबलं. ती बघत होती की नेमून दिलेल्या जागेच्या शेजारून कुणीतरी जोरात येतंय. तिच्या लेखी तो मामांचा आवाज नव्हताच. तो नवा त्रास होता. ग्राइंडरसारखा. आणि आई, ते जितक्या जोरानं ओरडले, तितक्या जोरानं तिनं दाबलं. मोठा आवाज तिला सापडायला सोपा ना.”

सासूबाईंनी चहाचा कप सुनेच्या हाताशी सरकवला.

“मीच तिला इतकी कडक केली,” सून म्हणाली. “पाहुण्यांना शांतता आवडत होती म्हणून.”

तिने कप उचलला, आणि फोनही. माहेरी लावला. वर्कशॉप बंद होऊन वर्षे लोटली होती, तरी वडील फोनवर ओरडूनच बोलत. सासूबाईंना स्वयंपाकघरात उभ्या राहून दोन्ही बाजू ऐकू आल्या.

“बाबा, आई जिन्यावरून बोलायची ना जेवायला. कधी दुसरीकडून बोलली तर?”

“म्हणजे काय?”

“म्हणजे मागच्या खिडकीतून बोलली, अंगणातून बोलली. तर ऐकू यायचं?”

“यायचं की! जरा उशिरा कळायचं. दोनदा सांगावं लागायचं. उपाशी राहिलेला दिसतो का मी? अगं, कान जिन्याकडे असला तरी बाकीच्या दारांना कडी घालून बसत नाही माणूस! तुझ्या आईला मी काय जिन्याच्या पायरीवरून ओळखत होतो?”

पलीकडून आईचा साधा, न चढवलेला आवाज आला, “काय विचारतेय ती?” तोही सुनेला स्वच्छ ऐकू आला.

सोमवारी पट्टीवाली शेडमध्ये गेली ती खडू घेऊन. कुणाला काही न सांगता भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तोफ घशाला फडके गुंडाळून हजर होता. बोलायला बंदी, म्हणून त्या आठवड्यात खुणांवर काम चालू होते आणि वाफ आली की क्रेन थांबवून ठेवावी लागत होती. पट्टीवाली त्याचे पाय बघत होती. ओझे उचलले की तो मागे सरे. ओझे मोठे असेल तर जास्त, झुलत असेल तर बाजूला. तो जिथे थांबे तिथे ती जाऊन खडूने फुली मारे. तोफ पहिल्यांदा वैतागला, मग त्याला गंमत वाटू लागली. एकदा तो मुद्दाम नाचल्यासारखी पावले टाकून बघू लागला.

“मामा, खरं चाला!”

संध्याकाळपर्यंत जमिनीवर फुल्यांची चंद्रकोर उमटली होती. पिवळे वर्तुळ तिच्या एका टोकाला होते. सगळ्यांत कमी फुल्या त्याच्यातच.

तोफेने खिशातून पेन्सिल काढली आणि पुठ्ठ्यावर लिहून दाखवले: हे मला माहीत नव्हतं.

“मलाही नव्हतं,” ती म्हणाली. “मी तुम्हाला आकडा रिकामा ठेवून उभं केलं होतं. रिकाम्या आकड्याला कोण घाबरतं?”

पुढचे दिवस तिने कामाची पाठ सोडली नाही. पट्टीला आता एका बिंदूऐवजी सगळी चंद्रकोर राखायला सांगितली. त्यातून कुठूनही आवाज आला तरी हात लावायचा नाही. माणसाच्या बोलण्यासारखे काही ऐकू आले की तेवढ्यापुरते नवे शिकणे थांबवायचे, म्हणजे त्या बोलण्यालाच ती त्रास समजणार नाही. आणि तिसरी गोष्ट, जिच्यावरून साहेबांशी वाजले. तिने पट्टी सैल केली. हिशेबात मुद्दाम थोडा खोटा गोंगाट मिसळला, सगळीकडून सारखा येणारा, मंद. तो असला की पट्टी फार नाजूक कापाकापी करायला धजत नाही. सरसकट, बोथट काम करते.

साहेबांनी नवा आलेख पाहिला आणि भिंतीवरच्या जुन्याशी ताडून पाहिला.

“बाई, हे तर मागे गेलं. भट्टीचा आवाज आधी जवळजवळ नाहीसा झाला होता. आता चांगला ऐकू येतोय.”

“येतोय.”

“म्हणजे आपण मुद्दाम यंत्र वाईट करतोय?”

“साहेब, जुन्या आलेखात सगळ्यात छान काय दाबलं गेलं होतं, सांगू? माणूस. भट्टी थोडी ऐकू आली तर वरच्याचं काही बिघडत नाही. तो जन्मभर ऐकतोय तिला.”

“मॅनेजरांना शांतता आवडली होती.”

“मग त्यांनी घरी जाऊन झोपावं.”

साहेबांनी इकडेतिकडे पाहिले, कुणी ऐकले नाही ना म्हणून. मग आलेख भिंतीवरून काढायचा की ठेवायचा या विचारात तसेच उभे राहिले. शेवटी स्वतःच टाचण्या काढू लागले.

दोन आठवड्यांची मुदत संपली त्या शुक्रवारी दुसरी परीक्षा होती. या वेळी पट्टीवालीने वरच्याचा एक कान मोकळा ठेवायला लावला, आणि साच्यांच्या बाजूची माणसे आधीच हलवून घेतली. सकाळी तिने तोफेला बाजूला घेतले. त्याचा घसा जरा बरा होता. बोलायची परवानगी होती, तीही हळू.

“मामा, एक कबूल करा. ऐकू गेलं नाही तर हात वर करा, सरळ बाजूला व्हा. ओरडायचं नाही. मेहनत पाण्यात गेली तरी नाही.”

“आणि तुमचा शब्द?” तोफेचा आवाज चाळणीतून आल्यासारखा होता.

“माझा शब्द तुम्ही ओरडणार नाही असाच होता. तो तरी पाळू द्या.”

तेच चाक, तीच वाफ. “उचल,” तोफ म्हणाला. चाक उचलले आणि त्याचे पाय आपसूक मागे गेले. वर्तुळ सुटले, चंद्रकोरीच्या पोटात आले. पट्टीवालीच्या कानालाही यंत्र होते. भट्टीची घरघर ऐकू येत होती, आणि तिच्यावर, दोन बोटे उंच, तोफेचा आवाज. “डावीकडे जरा. आणखी. सावकाश, तुझ्या बापाची गाडी नाही.”

“कळलं, कळलं,” वरून उत्तर आले.

मग चाक झुलले. पुढच्या कोपऱ्यावर क्रेन वळताना आकड्याला हिसका बसला आणि चाक तोफेच्या बाजूला कलले. तो सरकला. आणखी सरकला. पट्टीवालीने खाली पाहिले. त्याचे पाय शेवटच्या फुलीच्याही पलीकडे गेले होते, जिथे तिने काहीच राखले नव्हते. वाफ आली. वरच्याला आता खालचे काही दिसत नव्हते.

तिने तोंड उघडले नाही. मुठी आवळून उभी राहिली.

“थांब,” तोफ म्हणाला.

आवाज बारीक झाला होता. दारापलीकडून आल्यासारखा, घरघरीत अर्धा बुडालेला. पण मेला नव्हता. आणि क्रेन थांबली. चाक साखळीवर एकदा झुलले, दोनदा झुलले आणि स्थिर झाले.

शेडमध्ये कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिथे तशी पद्धत नाही. ग्राइंडरवाल्याने पुन्हा ग्राइंडर सुरू केला. वरच्याने केबिनमधून डोके बाहेर काढले. “ए खालच्या! शेवटचं जरा पुसट आलं रे!”

“आलं ना?”

“आलं.”

“मग झालं तर!”

मॅनेजरांनी वरच्याचे यंत्र मागवून स्वतःच्या कानाला लावले, बराच वेळ ऐकले. “भट्टी ऐकू येते यात,” ते म्हणाले.

“हो,” पट्टीवाली म्हणाली. “आणि माणूसही.”

त्यांनी यंत्र परत दिले. “पट्टी राहू द्या. जमिनीवर ते पिवळं काय काढलंय ते मात्र पुसून टाका, लोकांना उगाच वाटतं तिथे उभं राहायचं असतं.” आणि दारापर्यंत जाऊन, मागे न वळता, “गोदामात दुसरा कुणीतरी बघायला सांगा.”

तोफ जुन्या साच्यावर बसून कोमट पाणी पीत होता. पट्टीवाली शेजारी येऊन बसली, डबा उघडला. सकाळपासून पोटात काही नव्हते हे तिच्या तेव्हाच लक्षात आले.

“बाई,” तोफ म्हणाला, “इतकी वर्षं मी तोफ. आता हे असलं बारीक बोलायचं म्हणजे पोरं मला पिस्तूल म्हणतील.”

“म्हणू देत. ऐकू आल्याशी कारण.”

“घरी सांगतो बायकोला. कारखान्यात आठ जण मिळून माझं ऐकतात म्हणून.”

“काय म्हणेल ती?”

“ती म्हणेल, मला ऐकूच आलं नाही.”

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा जिन्यातच तिचा आवाज ऐकू आला. सासूबाईंनी दार उघडायला जायची घाई केली नाही. काय झाले ते जिन्यातच कळले होते. चहा झाला. चमचे पुन्हा टेबलावर मांडले गेले, मिठाची बरणी इकडून तिकडे सरकली, शेवटच्या फुलीच्या पलीकडेही गेली. बोटीवरून फोन आला, लाइनवर खरखर फार. सुनेने तिघांच्या वाटणीचे ओरडून सांगितले. मग दिवा लावून सासूबाई लिहायला बसल्या.

ता. २१ नोव्हेंबर, शुक्रवार.
पट्टी राहिली. तोफ क्रेनखालीच. डबा रिकामा परत आला. झाकणाचे रबर सैल झाले आहे, नवे आणायचे.